सिंबॉलमधला भरीव भाग: किकॅडमध्ये स्वतःचे आकार काढताना

नवी मुंबई-ठाण्यातल्या महापे, रबाळे, वागळे इस्टेट या भागांतल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स गाळ्यांत डिप्लोमा करून नवीन लागलेल्या मुलाला कुणी लगेच सर्किट रचायला देत नाही. त्याच्या वाट्याला येतं लायब्ररीचं काम. "हा पार्ट आपल्याकडे नाही, याचा सिंबॉल काढ." सिंबॉल म्हणजे सर्किटच्या नकाशात त्या पार्टच्या जागी येणारं चिन्ह. चौकोन काढायचा, पिना लावायच्या, नावं द्यायची, झालं. चौकोनावर भागतं तोवर सगळं सुरळीत असतं. खरी अडचण येते ती बाण, त्रिकोण किंवा थेंबासारखा एखादा आकार भरीव काढायचा असतो तेव्हा. आकार भरतच नाही, भरला तर आतल्या रेघा डोकावतात, नाहीतर स्क्रीनवर देखणा दिसतो आणि झेरॉक्सवर काळा डाग होऊन बसतो.

इथे किकॅड हे सर्किट आणि बोर्ड रचायचं सॉफ्टवेअर धरलं आहे. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर ज्यांनी कॉलेजात वापरलं त्यांना त्याची तोंडओळख आधीच झालेली असते, कारण ईसिममध्ये सर्किट काढायचा भाग किकॅडचाच आहे. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्यात हातभार लावला. सिंबॉलच्या फायलींचा आजचा साचा सहाव्या आवृत्तीपासून आहे आणि भरण्यासाठी हवा तो रंग देण्याची सोय सातव्या आवृत्तीत आली. त्यामुळे सात किंवा त्यापुढची आवृत्ती टाका. कॉलेजच्या लॅबमधली जुनी पाच घेऊन बसू नका.

भरायचं कशासाठी, ते आधी ठरवा

नवी मुलं फिल, म्हणजे आकार आतून भरण्याचा पर्याय, सजावटीसारखा वापरतात. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या नकाशात, भरीव आणि पोकळ यांना अर्थ असतो. दोन रेघा मिळतात तिथला भरीव ठिपका म्हणजे जोड. तेवढंच पोकळ वर्तुळ म्हणजे टर्मिनल. शेजारच्या कारखान्यात गेलात तर हा फरक आणखी ठळक होतो: आयएसओ १२१९ प्रमाणे काढलेल्या नकाशात भरीव त्रिकोण हायड्रॉलिकचा आणि पोकळ त्रिकोण न्यूमॅटिकचा. त्रिकोण तोच, पण आत शाई आहे की नाही यावर तेल वाहतंय की हवा हे ठरतं. केमिकल प्लांटच्या पाइपिंग ड्रॉइंगमध्येही व्हॉल्व्ह भरीव दाखवला की एरवी बंद राहणारा, अशी सर्रास पद्धत आहे.

डायोडचं मात्र तसं नाही. किकॅडच्या डिव्हाइस लायब्ररीत पोकळ त्रिकोणाचा डायोड आहे आणि भरीव त्रिकोणाचाही आहे. दोन्हींचा अर्थ एकच. तिथे फक्त एक पथ्य पाळा: एका ड्रॉइंगमध्ये एकच प्रकार वापरा. दोन्ही मिसळले की वाचणारा त्यात नसलेला अर्थ शोधत बसतो. प्रमाणित चिन्ह शोधायचं असेल तर आंतरराष्ट्रीय आयईसी ६०६१७ आणि आपलं भारतीय मानक आयएस २०३२ हे दोन आधार आहेत. चिन्ह तिथे असेल तर स्वतःचं डोकं चालवू नका.

किकॅडमध्ये कुठल्याही बंद आकाराला मुख्यतः चार प्रकारे भरता येतं. न भरणं हा पहिला. दुसरा बॉडी आउटलाइन कलर, म्हणजे बाहेरची रेघ ज्या रंगाची त्याच रंगाने ठासून भरणं. तिसरा बॉडी बॅकग्राउंड कलर, म्हणजे मूळ थीममध्ये दिसणारा तो फिकट पिवळा. चौथा तुमच्या पसंतीचा रंग. माझा हिशेब साधा आहे. "ही वस्तूची हद्द" एवढंच सांगायचं असेल तिथे बॅकग्राउंड. "इथे लक्ष द्या, दिशा किंवा ध्रुव पाहा" असं सांगायचं असेल तिथे आउटलाइन कलर. नुसती रेघ असेल तिथे काही नाही. आणि चौथा पर्याय जवळजवळ कधीच नको.

त्याचं कारण स्क्रीनवर सापडणार नाही. ड्रॉइंग शेवटी जातं सोसायटीच्या पंप रूममध्ये, घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनाबाहेरच्या दुकानात काढलेल्या झेरॉक्सच्या रूपात, वायरमनच्या हातात. लाल, निळा, हिरवा हे सगळे त्या कागदावर करडे होतात, आणि दुसऱ्या झेरॉक्सला काळे. भरीव आणि पोकळ हा फरक मात्र झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही टिकतो. शिवाय तुम्ही दिलेला रंग तुमच्या थीमवर शोभतो. दुसऱ्याने गडद थीम लावली की आउटलाइन आणि बॅकग्राउंड त्या थीमप्रमाणे आपोआप बदलतात, तुमचा रंग मात्र तसाच अडून बसतो.

बसण्याआधीची मांडणी

सिंबॉल एडिटर उघडा. किकॅडसोबत येणाऱ्या लायब्ररींना हात लावायचा नाही, त्या बदलता येऊ नयेत अशाच ठेवलेल्या असतात. फाइल मेन्यूतून नवीन लायब्ररी करा. ग्लोबल की प्रोजेक्ट असं विचारलं जाईल. शिकताना प्रोजेक्ट घ्या, म्हणजे फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेला तरी सिंबॉल सोबत जातात.

एकक मिल ठेवा. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्यांना हे खटकेल, पण सिंबॉलचं सगळं जग ५० आणि १०० मिलच्या जाळ्यावर उभं आहे; १.२७ आणि २.५४ लक्षात ठेवण्यापेक्षा ५० आणि १०० सोपे.

ग्रिडबद्दलचा नियम मात्र पाठ करा: पिना ५० मिलच्या ग्रिडवरच, किकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीत तर १०० मिलवर. आकार काढताना ग्रिड २५ किंवा १० मिलपर्यंत बारीक करायला हरकत नाही, पण पिनला हात लावण्यापूर्वी ग्रिड पुन्हा ५० वर आणायची. हे विसरलं की पिन ग्रिडपासून थोडी सरकून बसते, स्किमॅटिकमध्ये वायर तिच्या टोकाला लागल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात लागलेली नसते. अशी तुटकी जोडणी बोर्ड बनून आल्यावर सापडली तर ते पैसे गेलेच. म्हणून मी मुलांना आधी पिना लावायला सांगतो आणि मग चित्र काढायला. बहुतेक जण उलट करतात.

रेघेची जाडी १० मिल ठेवा, किकॅडच्या लायब्ररीचा संकेत तोच आहे. जाडी शून्य ठेवली तर शून्य जाडीची रेघ येत नाही. स्किमॅटिकच्या सेटिंगमधली ठरलेली जाडी लागू होते.

हात बसवण्यासाठी: भरीव डायोड

नवीन सिंबॉल घ्या, रेफरन्स (ड्रॉइंगमध्ये पार्टच्या क्रमांकाआधी येणारं अक्षर) डी. पिनच्या टूलने दोन पिना लावा. पहिली मध्यापासून डावीकडे १५० मिलवर, लांबी १००, नाव के (कॅथोड), क्रमांक १. दुसरी उजवीकडे १५० वर, नाव ए (अ‍ॅनोड), क्रमांक २. दोन्हींचा विद्युत प्रकार पॅसिव्ह. पिनच्या ज्या टोकाला छोटं वर्तुळ दिसतं तिथे वायर जोडली जाते, त्यामुळे ते टोक बाहेरच्या बाजूला हवं. नवशिक्याच्या निम्म्या उलट्या पिना या एका वर्तुळाकडे न बघितल्यामुळे होतात.

आता कॅथोडची पट्टी. रेघेच्या टूलने मध्यापासून डावीकडे ५०, वर ५० या बिंदूवर क्लिक करा, तिथून सरळ खाली येऊन मध्याच्या खाली ५० वर डबल क्लिक करा. ही उघडी रेघ आहे, तिला फिल द्यायचा नाही.

त्रिकोण: उजवीकडे ५० वर ५०, मग उजवीकडे ५० खाली ५०, मग डावीकडे ५० मध्यरेषेवर, आणि पुन्हा पहिल्या बिंदूवर येऊन संपवा. हे शेवटचं परत येणं टाळू नका. उघड्या आकाराला फिल दिला तर किकॅड शेवटचा आणि पहिला बिंदू मनातल्या मनात जोडून आतला भाग भरतं, पण त्या बाजूला रेघ काढत नाही. आउटलाइन कलरने भरलं तर फरक चटकन लक्षात येत नाही. बॅकग्राउंडने भरलं की एका बाजूची भिंतच गायब दिसते, आणि मुलं "रेघ का दिसत नाही" म्हणून जाडी वाढवत बसतात.

त्रिकोण निवडून 'ई' की दाबा. समोर आलेल्या खिडकीत बॉर्डरची जाडी १० मिल आणि फिलमध्ये बॉडी आउटलाइन कलर. ओके. शेवटी सिंबॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पिनांची नावं आणि क्रमांक दाखवणं बंद करा, डायोडवर ती गर्दी नको असते.

एक बारीक गोष्ट: १० मिलच्या बॉर्डरची अर्धी जाडी, म्हणजे ५ मिल, आकाराच्या बाहेर पडते. मोठ्या त्रिकोणात ते जाणवत नाही. बाणाच्या छोट्या टोकात जाणवतं: टोक ठरवल्यापेक्षा पुढे जातं आणि बोथट होतं. तिथे टोकाचा बिंदू थोडा मागे घ्या किंवा बॉर्डर बारीक करा.

बाणाचा विषय निघालाच आहे तर तिरका बाण कसा काढायचा तेही सांगतो, कारण ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा बाण बहुतेकांचा वाकडा येतो. ४५ अंशांच्या रेघेवर बाण काढताना पायाच्या दोन बिंदूंच्या आकड्यांची अदलाबदल करायची: एक बिंदू उजवीकडे ५०, खाली ७०, दुसरा उजवीकडे ७०, खाली ५०, आणि टोक उजवीकडे ९०, खाली ९०. तीनही बिंदू १० मिलच्या ग्रिडवर बसतात आणि बाण रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखा येतो. डोळ्याने जुळवण्याची गरजच नाही. हा एनपीएन प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा बाण झाला, टोक बाहेर. पीएनपीसाठी टोक बेसच्या बाजूला वळवा.

खरं काम: टाकीचा फ्लोट

आता लायब्ररीत नसलेला आकार. नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर एक टाकी असते, मधे पंप. पंपाच्या कंट्रोलरला दोन फ्लोट स्विच लागतात: गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करणारा एक, आणि खालची टाकी रिकामी झाली की पंप कोरडा फिरू न देणारा दुसरा. स्किमॅटिकवर दोन्ही नुसते स्विच दिसले तर जोडणाऱ्याने अदलाबदल केलीच म्हणून समजा. मग गच्चीवरून पाणी वाहतं, किंवा पंप कोरडा चालून जळतो. म्हणून खालच्या टाकीचा फ्लोट भरीव आणि वरच्याचा पोकळ, असे दोन सिंबॉल करू. हा संकेत कुठल्याही मानकातला नाही, त्यामुळे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "भरीव = खालची टाकी, पोकळ = वरची टाकी" अशी खूण-सूची लिहिणं सक्तीचं.

सुरुवात कोऱ्या पानाने करू नका. स्विच लायब्ररीतला साधा एक-पोल स्विच आपल्या लायब्ररीत कॉपी करून पेस्ट करा आणि नाव बदला. त्यात मध्यापासून ८० मिलवर दोन्ही बाजूंना छोटी पोकळ वर्तुळं आणि त्यांच्यावरून तिरकी जाणारी कांडी असते. कांडीचा मध्य साधारण ४० मिल उंचीवर येतो. कॉपी करताना एक बघून घ्या: मूळ सिंबॉल दुसऱ्या एखाद्या सिंबॉलवर बेतलेला असेल, तर त्याचं चित्र बदलता येत नाही. तसं असेल तर ज्याच्यावर तो बेतला आहे तोच कॉपी करा.

ग्रिड १० मिल करा. कांडीच्या मध्यापासून सरळ खाली, मध्यरेषेच्या खाली ५० मिलपर्यंत एक रेघ ओढा आणि तिची शैली तुटक करा. यांत्रिक जोड तुटक रेघेने दाखवतात, विजेच्या वायरशी तिची गल्लत होऊ नये म्हणून. ही रेघ दोन संपर्कांच्या मधल्या फटीतून जाते, कशालाही टेकत नाही.

फ्लोट थेंबाच्या आकाराचा करू: वर निमुळता, खाली गोल. इथेच मुलांची गाडी अडते, कारण गोलाईचं टोक ग्रिडच्या बिंदूवर बसत नाही आणि तिरकी रेघ तिला नीट भेटत नाही. शाळेतलं पायथागोरस इथे कामाला येतं. त्रिज्या ५० मिल घेतली तर केंद्रापासून आडवं ४० आणि उभं ३० अंतरावरचा बिंदू नेमका वर्तुळावर पडतो, कारण ३०, ४०, ५० हा काटकोन त्रिकोण आहे. आणि हे तीनही आकडे १० मिलच्या ग्रिडवर बसतात.

तर असं करा. वर्तुळाचं केंद्र मध्याच्या सरळ खाली १५० मिलवर, त्रिज्या ५०. थेंबाचं टोक मध्याच्या खाली ५० वर, जिथे तुटक रेघ संपते. वर्तुळाला भेटणारे दोन बिंदू: उजवीकडे ४०, खाली १२० आणि डावीकडे ४०, खाली १२०. केंद्र १५० वर आहे आणि हे बिंदू त्याच्या ३० वर, म्हणजे हिशेब जुळला.

भरीव फ्लोट आता सोपा आहे. वर्तुळ काढा, आउटलाइन कलरने भरा. टोक आणि ते दोन बिंदू जोडून बंद त्रिकोण काढा, तोही आउटलाइन कलरने भरा. दोन्हींचा रंग एकच असल्यामुळे एकमेकांवर चढलेला भाग दिसतच नाही आणि मिळून एक अखंड थेंब तयार होतो. जटिल भरीव आकार असे साध्या तुकड्यांतून जोडायचे. एकाच रेघेत अख्खा थेंब काढायचा हट्ट धरला की पन्नास क्लिक होतात आणि एक बिंदू चुकतोच.

पोकळ फ्लोटला वेळ लागतो. हीच युक्ती बॅकग्राउंड रंगाने केली तर वर्तुळाची वरची कमान त्रिकोणाच्या आत दिसते आणि त्रिकोणाचा पाया वर्तुळाच्या आत. उपाय असा की भरणं आणि रेघ ही दोन वेगळी कामं समजा. आधी वर्तुळ आणि त्रिकोण काढून दोन्हींना बॅकग्राउंड रंग द्या आणि त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये बॉर्डरची खूण काढून टाका. आता नुसता पिवळा थेंब उरतो, कडेला रेघ नाही. त्याच्यावरून बाहेरची कड वेगळी काढा: टोकापासून दोन्ही बिंदूंपर्यंत दोन सरळ रेघा, आणि खालची गोलाई दोन कमानींत. पहिली कमान उजव्या बिंदूपासून खालच्या टोकापर्यंत, म्हणजे मध्याच्या खाली २०० मिलपर्यंत. दुसरी तिथून डाव्या बिंदूपर्यंत. कमान काढून झाली की ती निवडा, टोकांना आणि मधे धरायच्या खुणा दिसतात, मधली खूण ओढून कमान पिवळ्या कडेशी जुळवा. रेघांना आणि कमानींना फिल अजिबात नको. भरायचं काम बंद आकारांकडेच राहू द्या.

बॅकग्राउंडने भरलेले आकार किकॅड सगळ्यांच्या मागे रंगवतं, त्यामुळे आधी काय काढलं आणि नंतर काय, याची चिंता करावी लागत नाही. कड नेहमी वर दिसते. हीच पद्धत किकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीत सापडते: ७४ मालिकेतला ७४एलएस३२ उघडा आणि ऑर गेटच्या मधल्या भागावर क्लिक करा. कमानी वेगळ्या आहेत आणि पोट भरणारा, बॉर्डर नसलेला बहुभुज वेगळा आहे. ज्याला आकार भरण्याचं काम शिकायचंय त्याने दोन-चार जुन्या सिंबॉलांचे असे तुकडे सुटे करून पाहावेत. त्यात जेवढं कळतं तेवढं मेन्यू वाचून कळत नाही.

ज्यांना आकड्यांत काम करायला आवडतं त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. किकॅडची सिंबॉल फाइल साधा मजकूर असते. एडिटर बंद करा, फायलीची एक प्रत बाजूला ठेवा आणि ती नोटपॅडसारख्या कशातही उघडा. प्रत्येक आकाराचे बिंदू आणि त्याचा फिलचा प्रकार तिथे लिहिलेला दिसेल. तिथे एकक मिलिमीटर आहे, म्हणजे ४० मिल १.०१६ होतात आणि ३० मिल ०.७६२, आणि वरची दिशा अधिक धरलेली आहे. वाकडा बसलेला एखादा बिंदू नीट करायला माउसपेक्षा हे लवकर होतं. कंस मात्र मोजून ठेवा. एक कंस गेला की सगळी लायब्ररी उघडत नाही.

एकापेक्षा जास्त युनिट असतील तर

एलएम३५८ सारख्या ऑप-अँपच्या सिंबॉलमध्ये तीन युनिट, म्हणजे ड्रॉइंगवर सुटे मांडता येणारे भाग, असतात: दोन अँप्लिफायर आणि एक पॉवरच्या पिनांचं. आकाराच्या प्रॉपर्टीजमध्ये "सगळ्या युनिटांना सामाईक" अशी खूण असते. ती चुकून राहिली की अँप्लिफायरचा त्रिकोण पॉवरच्या युनिटमध्येही उमटतो. उलट, तुम्हाला प्रत्येक युनिटमध्ये हवी असलेली खूण एकाच युनिटमध्ये दिसत असेल तर तीच खूण लावायची राहिली असते. नवीन आकार भरल्यावर सगळी युनिटं एकदा पालटून बघा.

कंपनीचा लोगो

हे काम हमखास येतं. मालक म्हणतात, "ड्रॉइंगवर आपला लोगो पाहिजे." त्यासाठी बिंदू-बिंदू काढत बसू नका; किकॅडच्या मुख्य खिडकीत इमेज कन्व्हर्टर आहे. काळं-पांढरं चित्र द्या, थ्रेशोल्ड सरकवून कडा स्वच्छ करा आणि सिंबॉल म्हणून निर्यात करा. चित्राचे भरीव बहुभुज तयार होऊन मिळतात. त्या सिंबॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये बीओएममधून (पार्टच्या यादीतून) आणि बोर्डातून वगळण्याच्या खुणा लावा, नाहीतर खरेदीच्या यादीत "लोगो, नग १" दिसेल आणि कुणीतरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्याची चौकशी करून येईल. पार्टचे सिंबॉल मात्र या वाटेने करू नका. त्यांचे बिंदू ग्रिडवर नसतात आणि पुढे दुरुस्त करणं अशक्य होतं.

इतर सॉफ्टवेअरमध्ये तत्त्व हेच, बटणं वेगळी. ईगलमध्ये सिंबॉलचे भरीव बहुभुज ९४ क्रमांकाच्या लेयरवर काढतात. पण ते सॉफ्टवेअर बंद करण्याची तारीख ऑटोडेस्कने आधीच जाहीर केली होती, ७ जून २०२६. तिथे नव्याने हात बसवण्यात अर्थ नाही. जुन्या ईगल फायली किकॅडमध्ये आयात करता येतात.

सुपूर्द करण्याआधी

सिंबॉल एडिटरमध्ये सिंबॉल तपासायचं बटण आहे. ग्रिडबाहेरच्या आणि दुबार पिना ते दाखवतं. चित्र बरोबर आहे की नाही हे मात्र तुम्हालाच बघावं लागतं. थोडं दूर झूम करा, एवढं की सिंबॉल नखाएवढा दिसेल. त्या आकारातही भरीव फ्लोट आणि पोकळ फ्लोट वेगळे ओळखू यायला हवेत. वर्तुळ फार लहान केलंत तर भरीव फ्लोट जोडाच्या ठिपक्यासारखा दिसतो आणि पोकळ फ्लोट टर्मिनलसारखा. भरीव भागावर मजकूर येत असेल तर तो हलवा, आतलं अक्षर वाचता येत नाही. मूल्य आणि रेफरन्सच्या जागा आकाराच्या बाहेर, वायर जाणार नाही अशा बाजूला.

मग ए४ वर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा आणि त्या प्रिंटची झेरॉक्स काढा. स्क्रीनवर कितीही बघितलं तरी ही पायरी गाळू नका. पीडीएफ पाहणं म्हणजे प्रिंट पाहणं नव्हे.

सिंबॉल आधीच स्किमॅटिकमध्ये वापरला असेल आणि तुम्ही लायब्ररीत तो आता बदललात, तर स्किमॅटिकमधला जुनाच राहतो. किकॅड प्रत्येक सिंबॉलची प्रत स्किमॅटिकच्या फायलीतच ठेवतं. टूल्स मेन्यूतून लायब्ररीवरून सिंबॉल अद्ययावत करा, तेव्हाच नवा आकार दिसेल. "मी तर दुरुस्त केलं होतं" हे वाक्य गाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते याच एका मेन्यूमुळे. अद्ययावत केल्यावर ईआरसी, म्हणजे किकॅडची जोडण्यांची तपासणी, चालवा. पिना जागच्या हलल्या असतील तर ग्रिडबाहेरच्या टोकांच्या सूचना लगेच येतात. त्या आल्या तर सिंबॉल एडिटरमध्ये परत जाऊन ग्रिड ५० वर आणा, पिन सरकवा आणि पुन्हा अद्ययावत करा. वायर ओढून ताणून पिनपर्यंत नेऊ नका.